शुक्रवारचे पाहुणे

इंगवले सर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या घरी जाणार, याबद्दल आमच्या टीममध्ये कुणी थट्टा करत नसे. बाकी सगळ्याची थट्टा व्हायची. माझ्या कॉलेजच्या कापडी पिशवीची, पास्कलच्या मानेवर रुळणाऱ्या केसांची, कॅप्टन उस्मानभाईंच्या सुटत चाललेल्या पोटाची, आणि सर जवळपास नसले की त्यांच्या कोल्हापुरी बोलण्याचीसुद्धा. पण शुक्रवारी प्रॅक्टिस संपवून बूट सोडताना सगळे गप्प असत. सरांची रीतच तशी होती. रविवारची मॅच खेळणाऱ्या अकरा जणांची नावं शनिवारी सकाळी फॅक्टरीच्या गेटजवळच्या फळ्यावर लागत. पण जो आधीच्या मॅचला खेळला होता आणि या वेळी खेळणार नव्हता, त्याला ते फळ्यावरून कळू देत नसत. त्याच्या घरी ते शुक्रवारी स्वतः जात. बसत, पाणी पीत, घरच्या माणसांची विचारपूस करत, आणि निघताना त्याला म्हणत, चल, बसस्टॉपपर्यंत सोडायला ये. बस येईपर्यंत त्याला कळलेलं असे की तो बाहेर आहे, आणि का आहे.

अंधेरीतल्या औषधांच्या एका कंपनीची ही टीम. त्या काळी फुटबॉल खेळून पोट भरायचं तर असंच, कुठल्यातरी कंपनीच्या नाहीतर बँकेच्या पगारावर राहून. सकाळी दोन-तीन तास हजेरीपुरतं काम, दुपारनंतर फॅक्टरीमागच्या मैदानावर प्रॅक्टिस. प्रोफेशनल हा शब्द आम्ही कुणी वापरत नव्हतो, पण चेंडू खेळण्यासाठीच आम्हाला तिथे ठेवलं होतं आणि चेंडू नीट खेळता आला नाही तर ठेवणार नव्हते, म्हणजे आम्ही तेच होतो. सरांच्या नेमणुकीच्या कागदावर ‘मुख्य प्रशिक्षक’ असं लिहिलेलं होतं म्हणतात. आता टीव्हीवर परदेशातले कोच पाहतो. सूट घालून रेषेवर फेऱ्या मारतात, हातवारे करतात, ओरडून ओरडून त्यांचा गळा बसतो. माझा नातू त्यांतला कोण मोठा, कोण त्याहून मोठा, यावर मित्रांशी भांडतो. मी काही बोलत नाही. मला त्यातलं फार कळतं असं नाही. मी आयुष्यात एकच हेड कोच जवळून पाहिला, आणि तो मॅचभर एका मोडक्या लोखंडी खुर्चीवर तंबाखूची चंची मांडीवर ठेवून गप्प बसलेला असायचा. मॅच सुरू झाली की कोच म्हणजे बिनतिकिटाचा प्रेक्षक, असं ते म्हणत.

त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, ती ते एकाच कामासाठी वाजवत. प्रॅक्टिस रंगात आली की मध्येच शिट्टी वाजायची. सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं आणि डोळे मिटायचे. मग सर कुणाचंतरी नाव घेऊन विचारायचे, “उस्मान कुठं हाय? बोट दाखव.” डोळे मिटलेले ठेवून बोट दाखवायचं. मग डोळे उघडून बघायचं की आपलं बोट कुठे आणि उस्मानभाई कुठे. सुरुवातीला माझं बोट भलतीकडेच, कधी फॅक्टरीच्या चिमणीकडे असायचं आणि सगळे हसायचे. दोन महिन्यांनी मला डोळे मिटून सातआठ जण दाखवता यायला लागले. सरांनी कधी शाबासकी दिली नाही. शाबासकी देणं त्यांना जमतच नसावं. बरोबर दाखवलं की ते पुढच्या माणसाचं नाव विचारत, एवढंच.

आमचं घर कांदिवलीला, पूर्वेच्या टेकडीकडे, बैठ्या चाळीत होतं. एक खोली, मागे मोरी, पुढे पत्र्याची पडवी. दुपारी जवळच्या खाणीत सुरुंग लावत, त्याचा धडाका झाला की भिंतीवरच्या फळीतली भांडी बारीक आवाज करायची आणि आई सवयीने एक हात वर करून ती थोपवायची, दुसऱ्या हाताने वरवंटा चालूच. आईचा दिवस त्या वरवंट्याच्या आवाजाने मोजता यायचा. नारळाचं वाटप वाटताना तो आवाज ओला आणि जड असे, चटणीच्या वेळी कोरडा. बाहेरून येताना आज कालवण आहे की नुसती भाजी, हे मला पडवीतूनच कळायचं. बाबा एकवीस वर्षं लोअर परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी उघडलीच नाही. आता ते आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका औद्योगिक वसाहतीत वॉचमन होते. खाकी शर्ट त्यांना मोठा व्हायचा, आणि साच्यांच्या आवाजाची सवय असल्यामुळे ते शांत जागीही मोठ्याने बोलत. मी कॉलेजला जाणारा घरातला पहिला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज सकाळचं, म्हणून कंपनीने मला हजेरीतून सूट दिलेली होती. वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. चुकलं तर काय, या भीतीने मी तीन वर्षं न चुकता काढली.

टीममध्ये मी, परब, लेफ्ट बॅक, डावीकडचा बचाव सांभाळणारा. पास्कलही लेफ्ट बॅक, गोराईचा, माझ्याच वयाचा, वडील नसलेला. आम्ही दोघं तात्पुरते होतो, आणि त्या मोसमाच्या शेवटी एकाला कायम करणार हे सगळ्यांना माहीत होतं. कायम झालं की म्हातारपणापर्यंतची नोकरी. गुडघा गेला, खेळ संपला, तरी कंपनीत टेबल असतं. आमच्या घरात त्या शब्दाला काय किंमत होती ते सांगायला नको. आईने देवाला काय काय बोलून ठेवलं होतं कुणास ठाऊक. बाबा रोज रात्री जेवताना विचारत नसत, पण माझ्याकडे पाहत, आणि मी ‘अजून काय नाय’ म्हणून मान हलवत असे. निर्णय कंपनीच्या क्रीडा अधिकाऱ्याच्या हातात होता, पण सर लेखी मत देणार होते आणि त्याला वजन होतं. मोसम संपत आला तेव्हा सलग चार मॅच सरांनी मला खेळवलं. पास्कल बाहेर बसला. त्याच्या घरीही एका शुक्रवारी सर जाऊन आले होते. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम.

घरी मात्र मी एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. शुक्रवारी सर ज्याच्या घरी जातात तो बाहेर होतो, हे मी आई-बाबांना बोललो नव्हतो. बोलायची वेळच येणार नाही असं मला वाटत होतं. म्हणून मोसमाच्या शेवटच्या मॅचच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सर आमच्या पडवीत उभे राहिले, चपला काढताना तोल सांभाळायला त्यांनी पत्र्याच्या खांबाला हात लावला, तेव्हा मी ओळखलं की या वेळी बाहेर मीच, आणि त्याच क्षणी आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, झिलाचा म्हणजे मुलाचा मोठा साहेब घरी आला म्हणजे काम झालं. दुसरं कशाला येईल? तिने सतरंजी झटकून घातली, ठेवणीतला पितळी तांब्या काढला, माझ्या धाकट्या बहिणीला, शैलाला, बाबांना बोलवायला पिटाळलं, आणि शेजारच्या गावडेकाकूंना भिंतीतूनच सांगितलं की आमच्याकडे साहेब आलेत, रेडिओ जरा बारीक करा. सर पाणी पिऊन उठायला लागले तर ती दारात आडवी उभी राहिली. जेवल्याशिवाय जायचं नाही. मी तिला नजरेने खुणावत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

त्या दिवशी पेडवे आणले होते. बोटाएवढी मासळी, चवीला गोड, पण काट्यांचं जाळंच. वाटपात तिरफळं टाकून केलेलं तिखल्याचं कालवण आणि वाफाळता भात. कोकणातल्या माणसाला त्याहून चांगलं काही नको, पण कोल्हापूरच्या माणसाला तो सापळाच. सरांनी पहिला घास घेतला आणि थांबले. गालात काहीतरी फिरवत बसले. शैला तोंडावर हात ठेवून हसायला लागली. एवढ्यात बाबा आले, खाकी शर्टातच, घाम पुसत. त्यांनी परिस्थिती पाहिली, हात धुतले आणि सरांच्या शेजारी मांडी घालून बसले. एक पेडवा उचलून म्हणाले, “असो धरूचो. शेपटीकडसून. आणि हळू ओढूचो. आखो कांटो येता.” आणि एका ओढीत त्यांनी अख्खा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. सरांनी तसंच केलं. काटा मध्येच तुटला. बाबा म्हणाले, घाई केलात. सरांनी दुसरा घेतला. चौथ्या माशाला काटा अखंड निघाला, तेव्हा त्यांनी तो बोटांत धरून उजेडाकडे करून पाहिला. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी मैदानावर कधी पाहिलं नव्हतं. मला माझ्या भीतीतही एक क्षण वाटून गेलं, हा माणूस शिकायला किती पटकन बसतो. अकरा जणांना शिकवणारा माणूस गिरणीतल्या एका माणसाकडून मासा खायला शिकत होता आणि त्यात त्याला काहीच कमीपणा नव्हता.

मग बाबांनी विचारलं. जेवणाच्या मध्येच, मोठ्या आवाजात, सरळ. बाबांना आडून विचारता येत नसे. म्हणाले, आमचो झील कायम होतलो ना?

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. मी खाली मान घातली. बसस्टॉपवरची गोष्ट ते माझ्या आईच्या जेवणावर बसून बोलणार नाहीत, काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी तशी आशा करत होतो.

“दादा,” सर म्हणाले, “तुमच्या ताटावर बसून खोटं न्हाई बोलत. रविवारी परब खेळणार न्हाई. तेच सांगायला आलोय. कायमचं ठरायचं हाय अजून. ते माझ्या एकट्याच्या हातात न्हाई.”

कालवणाच्या टोपात आईचा डाव तसाच राहिला. शेजारचा बारीक केलेला रेडिओ मला ऐकू यायला लागला. आईने कुणाकडेही न बघता विचारलं, त्याचं काय चुकलं?

सर म्हणाले, “काय चुकलं न्हाई वहिनी. चार मॅचमध्ये यानं एकबी चूक केली न्हाई. चेंडू आला की मागं देतोय. मोकळी जागा दिसतीया, तरी मागंच. डोळं मिटून ह्याला सगळी माणसं ठाऊक हाईत, आणि डोळं उघडं ठेवून पुढं जात न्हाई. हा मॅच खेळत न्हाई, नोकरी सांभाळतोय.”

आईला ते पटलं नाही. चूक न करता माणूस बाहेर बसतो, हे तिला कुठल्याच हिशेबाने कळणं शक्य नव्हतं. तिने रागाने सरांच्या ताटात आणखी भात वाढला. आमच्याकडे राग आला तरी पाहुण्याचं ताट रिकामं राहत नाही. मला मात्र ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. मला वाटत होतं माझी ती लबाडी कुणाला दिसत नाही.

बाबा ताटाच्या कडेला काटे सारखे करत राहिले. मग म्हणाले, “एकवीस वर्सा गिरणीत काम केलंय. गेटार कागद लावलो. माका वाचूक येणा नाय, बाजूच्यान वाचून दाखवल्यान. येक माणूस घराक येवन सांगूक नाय.” थोडं थांबून ते सरांना म्हणाले, “तुमी इलात. जेवा पोटभर.”

मी बाबांच्या तोंडून त्या कागदाची गोष्ट त्याआधी कधी ऐकली नव्हती. ती नोटीस त्यांनी स्वतः वाचली नव्हती, शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी भर गर्दीत वाचून दाखवली होती, हे मला माहीत नव्हतं. आता लिहितानाही ते गेट माझ्या डोळ्यांसमोर येतं, आणि बाबा त्या कागदाकडे न बघता वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतील, असं वाटतं. त्या संध्याकाळी सरांनी ताट स्वच्छ केलं. बसस्टॉपवर जाताना वाटेत एवढंच म्हणाले की रविवारी माझ्या शेजारी बसायचं, आणि नुसतं बसायचं नाही, बघायचं.

रविवारची मॅच चर्चगेटकडच्या मैदानावर होती. बरोबरी झाली तरी लीग आमची होती. मी सरांच्या लोखंडी खुर्चीशेजारी गवतावर बसलो. माझ्या जागी पास्कल. पहिल्या अर्ध्यात दोन्ही बाजूंनी एकेक गोल झाला. दुसरा अर्धा निम्मा झाला असेल, तेव्हा सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “परब, काय दिसतंय?”

मला दिसत होतं. समोरच्या टीमचा उजवीकडचा विंगर, तांबड्या मोज्यांचा, बराच वेळ मागे येत नव्हता. कमरेवर हात ठेवून उभा राहत होता. त्याच्यामागे, आमच्या डाव्या बाजूला, सगळी जागा मोकळी होती. पास्कल चेंडू घेऊन तिथून पुढे गेला तर त्याला अडवायला कुणी नव्हतं. पण बरोबरी पुरत होती. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. आणि दुसरंही मनात आलं, ते लिहायला मला आजही संकोच वाटतो: पास्कल पुढे जाऊन चमकला, तर कायम तोच होणार. तरी मी सांगितलं. शुक्रवारपासून सरांचं ते ‘मागंच देतोय’ माझ्या डोक्यात वाजत होतं, म्हणून असेल. म्हणालो, सर, तो तांबडा मोजा दमलाय, पास्कलला पुढे सोडता येईल.

सरांनी चंची मिटली. दोन मिनिटं तो विंगर पाहिला. मग उठून रेषेपर्यंत गेले आणि उस्मानभाईंना हाताने खूण केली. पास्कल पुढे गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने मारलेला चेंडू बारला लागला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा कॉर्नर मिळाला. मी गवतावर उठून उभा राहिलो होतो. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याचा पास मध्येच अडवला गेला, आणि तो तांबडा मोजा, ज्याला मी दमलेला म्हटलं होतं, पास्कलने मोकळी सोडलेली जागा पकडून असा धावत सुटला की आमच्यातला कुणी त्याच्या जवळही पोचला नाही. तो दमला नव्हता. तो वाट बघत होता. आम्ही एक, ते दोन. शेवटची दहा मिनिटं आम्ही सगळे पुढे गेलो, पण काही झालं नाही.

आमच्या तंबूत कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. क्रीडा अधिकारी आत आले. ते चांगले कपडे घालून, ट्रॉफी घ्यायच्या तयारीने आलेले होते. कंपनीचे मोठे साहेब बाहेर गाडीत बसले होते. अधिकारीसाहेबांनी आल्या आल्या पास्कललाच धरलं. ड्रॉ चाहिए था, तू ऊपर क्या करने गया था? पास्कल बुटांची लेस धरून बसला होता, ती सोडतही नव्हता, बांधतही नव्हता. त्याने सरांकडे बोट दाखवलं नाही. त्याच्यातला हा मोठेपणा मला तोपर्यंत माहीत नव्हता. सरच म्हणाले की मी पाठवलं त्याला. साहेबांनी विचारलं, लीग हातात असताना ही अक्कल कुणाची? सर म्हणाले, माझी.

तिथे ते संपलं असतं. मी बुटांच्या ढिगाजवळ उभा होतो. माझं नाव कुठेच आलं नव्हतं. पास्कलच्या बाजूने गोल झाला होता, तो त्याच्या नावावर लागणार होता, आणि मी न खेळल्यामुळे स्वच्छ होतो. दोघांतला एक कायम होणार होता. हे सगळं माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट होतं, कुठल्याही परीक्षेत नव्हतं इतकं स्पष्ट. मी हात वर केला, वर्गात करतात तसा. त्याचं मला नंतर हसू आलं.

“सर, मी सांगितलं होतं,” मी म्हणालो. “पास्कलला पुढे सोडा असं मी सांगितलं.”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कोण हेच त्यांना आठवत नसावं. मग सरांकडे वळून म्हणाले, अब बेंच पे बैठा हुआ लड़का टीम चलाएगा?

“सांगितलं त्यानं,” सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. “ऐकायचं मी ठरवलं. पोरानं जे दिसलं ते सांगितलं. मला दोन मिनिटं होती, मीबी बघितलं, मलाबी तो दमलेलाच दिसला. फसलो मी. उद्या हीच पोरं मला काय दिसतंय ते सांगायला घाबरली, तर मग मी डोळं मिटूनच बसायचं का?”

साहेब म्हणाले, याचं नाव कायम करायच्या यादीतून काढा. सर म्हणाले, तुम्ही काढू शकता साहेब, पेन तुमचं आहे. माझ्या कागदावर दोघांची नावं राहतील, आणि हरलो ते का, तेही त्यातच लिहीन, माझ्या सहीने. मग ते खाली वाकले आणि पास्कलच्या बुटाची लेस त्यांनी सोडून दिली, जसं काही त्या तंबूत तेवढंच काम राहिलं होतं.

मोठा कोच कशाने होतो, असं मला कुणी विचारलं तर मला व्याख्या करता येणार नाही. सर किती लीग जिंकले तेही मला नीट आठवत नाही, फार नसाव्यात. ते हट्टी होते, तंबाखू खायचे, कुणाचं कौतुक करायचे नाहीत, आणि त्या दिवशी त्यांचा अंदाज सपशेल चुकला, माझ्या नादाने चुकला. पण त्या तंबूत आम्ही पंधरा-सोळा जण होतो, आणि हरलेल्या त्या दुपारनंतर आमच्यातल्या एकानेही सरांसाठी धावायचं कमी केलं नाही. जिंकून देणारे पुष्कळ असतात. हरल्यावर ज्याच्या शेजारी उभं राहायला भीती वाटत नाही, असा मला तो एकच भेटला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि ती माझ्यावर खरोखर चिडली. तोंड गप ठेवूक काय झालेला तुका, असं ती त्या रात्री आणि पुढे आठवडाभर, भाकरी वाढताना, पाणी भरताना, केस विंचरताना म्हणत राहिली. तिचंही चुकत नव्हतं. नवस तिने बोलले होते, आणि ते मी माझ्या तोंडाने मोडले होते. बाबांनी मात्र एकच विचारलं, मग सर काय म्हणाले? मी सांगितलं. ते म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं. ‘सांगितलं त्यानं, ऐकायचं मी ठरवलं.’ बाबांनी मान डोलावली आणि बिडी पेटवायला पडवीत गेले.

मंगळवारी यादी लागली, तीत पास्कल कायम झाला होता. माझं नाव नव्हतं. दुपारी प्रॅक्टिसला सरांनी मला लेफ्ट बॅकला उभं केलं आणि म्हणाले, आज चेंडू मागं दिलास तर बस पकडून घरी जायचं. त्या दिवशी पुढे जाताना माझे सहा-सात चेंडू समोरच्यांच्या पायात गेले. मी आणखी दोन वर्षं तात्पुरता राहिलो, पदवी घेतली, आणि मग त्याच कंपनीत कायम झालो. तोवर सर कोल्हापूरला परत गेले होते.

त्या दोन वर्षांत चाळीतली माणसं बाबांना वरचेवर विचारत, मुलाच्या नोकरीचं काय झालं. गिरणीतले जुने सोबती येत, तेही विचारत. बाबा लाजून विषय बदलतील असं मला वाटायचं. पण ते पडवीत बसून, साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा त्यांच्या गिरणीतल्या आवाजात सांगत, “झिलाचा काम झाला नाय. पण सायेब बरो गावलो.”